उतारावर पारखलेली सायकल

शिरवळ हे वाटेवरचं गाव. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि पुढे खंडाळा, पारगाव मागे टाकून महामार्ग खंबाटकीला भिडतो. साताऱ्याकडे जाताना घाटाचा चढ, पुण्याकडे येताना बोगदा आणि त्यापुढचा वळणाचा उतार. अशा मुलखात जुन्या सायकलला बॅटरी-मोटर बसवायची म्हटलं की पहिली चौकशी होते ती मोटरची : किती वॅटची, घाट चढेल का? माझ्या मते ही चौकशी नंतरची. सायकलला यंत्र जोडण्याचा इतिहास पाहिला तर सायकल निकामी ठरली ती चढावर नव्हे, उतारावर.

सुरुवात काळ्या सायकलपासून करू. ॲटलस, हिरो, हर्क्युलस ही नावं वेगळी, घडण एकच, इंग्रजी रोडस्टरची : २८ इंची चाकं, मध्ये आडवी दांडी, मागे जाड कॅरिअर. दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, शिवाय डबलसीट माणूस, हे सगळं तिनं पिढ्यान् पिढ्या वाहिलं. म्हणून जुने जाणते सांगतात की मोटर बसवायची तर हिलाच. म्हणणं वजनदार आहे, पण त्यात वेगाचा हिशेब राहून जातो. ती ओझी तासाला दहा-बारा किलोमीटरनं जात, आणि घाट आला की माणूस खाली उतरून सायकल हातानं ढकलत नेई. वेग बारावरून पंचवीसवर नेला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपटीहून जास्त होते. त्यासाठी तिच्याकडे काय, तर हँडलपासून निघालेल्या लोखंडी सळ्या आणि रिमच्या आतल्या अंगाला टेकणारे रबराचे ठोकळे. पावसात पोलादी रिम भिजली की ते रबर नुसतं घसरत राहतं. फ्रेम मजबूत होती यात वाद नाही. थांबण्याची सोय मात्र पायी चालणाऱ्याच्या बेताची होती.

युरोपात हे दुसऱ्या महायुद्धानंतर कळून चुकलं. १९४६ साली फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स आली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर बसे आणि रोळ घासून चाक फिरवी. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सायकलमास्टर निघालं : आपलं मागचं चाक काढायचं आणि पोटात इंजिन असलेलं त्यांचं चाक घालायचं. आजची हब मोटर ही याच कल्पनेची नात. त्या चाकात इंजिनाबरोबर उलट पॅडल मारून लागणारा ब्रेकही होता. गिऱ्हाइकाच्या सायकलचे ब्रेक पुरणार नाहीत, हे बनवणाऱ्यानं ओळखलं होतं. आपल्याकडे फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली ५० सीसीची लूना काढली, तेव्हा पॅडल तेवढी सायकलची ठेवली; सांगाडा, चाकं, ब्रेक सगळं नव्यानं घडवलं. यावर कोणी म्हणेल की जोडाजोड हाच आमचा वारसा. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवातही १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानातून झाली. खरं आहे. पण त्यांनी लाकडी नांगराला लोखंडी पट्टी ठोकून भागवलं नाही, अख्खा नांगरच लोखंडाचा केला, आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मग काळ्या सायकलऐवजी माउंटन बाइक घेतली तर? ती तर मुळात उतारावरच्या पारखीतूनच जन्मली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरउतारावर शर्यती लावल्या. मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेनं जळून जाई आणि उतरल्यावर हब पुन्हा भरावा लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं. पुढे त्यांनी ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलच्या मुठी जोडल्या. आज डिस्क ब्रेकपर्यंत पोचलेली सायकल या उतारानंच घडवली आहे.

आक्षेप उरतो कायद्याचा. २५० वॅटपेक्षा कमी मोटर, ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आत वजन, या मुख्य अटी पाळल्या तर केंद्रीय नियमांप्रमाणे ती मोटार वाहन ठरत नाही. वेगच बांधलेला असताना ब्रेकची एवढी चिंता कशाला? कारण नियम मोटरला बांधतो, उताराला नाही. माणूस, सायकल आणि बॅटरी मिळून शंभर किलो वजन शंभर मीटर खाली आणताना ब्रेकना जवळपास ९८ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागू शकते. पाव लिटर पाणी उकळायला ती पुरून उरेल. मोटरच ब्रेकचं काम करेल म्हणावं, तर स्वस्त किटमधल्या बऱ्याच गिअरच्या हब मोटरना फ्रीव्हील असतं. उतारावर त्या मोकळ्या फिरतात.

आता आपल्याकडे ‘रेंजर’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त सायकलींविषयी. पुढच्या चिमट्यातली स्प्रिंग पाहून त्या दणकट वाटतात, पण बऱ्याचदा ती स्प्रिंग वजन वाढवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. पुढच्या चाकात मोटर घातली तर एक्सल उलटा पीळ देतो, आणि चिमट्याची खाच हलक्या ॲल्युमिनियमची असेल तर ती फाकते. त्यापेक्षा साध्या, स्प्रिंग नसलेल्या चिमट्याची जुनी पोलादी माउंटन बाइक बरी. मोटर मागे, आणि एक्सलला हा पीळ रोखणारा टॉर्क आर्म. विकणारा आधी गिअर किती ते सांगतो. मागे डिस्कची जागा आहे का आणि एक्सल बसतो ती पट्टी पोलादी आहे का, हे आपल्यालाच वाकून पाहावं लागतं.