तीन विद्यांची वंशावळ

नांदेडच्या एका महाविद्यालयात अध्यापन करणारे माझे एक जुने विद्यार्थी गेल्या चातुर्मासात भेटीस आले. दृश्यकला, विमानविद्या व सांकेतिक भाषा या तीन विषयांचे अभ्यासक्रम नांदेड-लातूरकडील महाविद्यालयांत सुरू व्हावेत, अशा आशयाचा मसुदा त्यांजजवळ होता. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेस अभ्यासक्रमात स्थान देण्याचे ठरविल्यामुळे प्रत्येक विषयाच्या आरंभी त्याची प्राचीन परंपरा दोन पृष्ठांत द्यावी, असा त्यांचा विचार होता. ती पृष्ठे तपासून द्यावीत एवढीच त्यांची मजकडे मागणी. तपासता तपासता विमानविद्येच्या प्रकरणात एक वाक्य आढळले आणि लेखणी थांबली. ते वाक्य त्यांनी तीस वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात, माझ्याच तोंडून ऐकले होते. त्याचा निर्णय लावावा म्हणून हा लेख.

प्रथम या प्रदेशातील महाविद्यालयांचे वय ध्यानात घ्यावे. निजामी अमदानीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद. तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, त्यानंतर १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. जेथे पदवीची पंगतच इतक्या उशिरा मांडली गेली, तेथे हातांच्या विद्यांना पाट मिळण्यास आणखी उशीर लागला यात नवल नाही.

चित्रविद्येविषयी वाद नाही. औसा तालुक्यातील खरोशाची लेणी आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे ज्याने पाहिली, त्यास आणखी प्रमाण नको. विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय वज्र राजास सांगतात की, नृत्त जाणल्यावाचून चित्रसूत्र समजणे कठीण. अजिंठ्याची लेणी तर निजामाच्याच राज्यात होती. १९१४ साली स्थापन झालेल्या तेथील पुरातत्त्व खात्याने गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली त्या चित्रांची जपणूक केली, इटलीहून जाणकार आणविले, आणि यझदानी यांचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. चित्रे राखण्याची ही कळकळ स्तुत्य होय. चित्र काढू इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील मुलास मात्र एलिमेंटरी व इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांपलीकडे आपल्या गावी फारसे काही नव्हते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासून चालू होते, पण ते परमुलखात.

सांकेतिक भाषेच्या प्रकरणात मसुदाकारांनी कामसूत्रातील चौसष्ट कलांचा आधार दिला आहे. त्या यादीत ‘आलेख्य’ आहे तशीच ‘अक्षरमुष्टिकाकथन’ हीही कला आहे. मराठीतही करपल्लवी व नेत्रपल्लवी हे शब्द जुने आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून ठरणारा सौदा, ही त्याच जातीची विद्या. परंतु येथे एक भेद केला पाहिजे. हे सर्व ऐकू येणाऱ्यांचे गुप्त संकेत होत. बहिऱ्यांची भाषा नव्हे. बहिऱ्यांच्या समाजात आपोआप वाढणाऱ्या भाषेस स्वतःचे व्याकरण असते, ती कोणत्याही बोलीचे हातांनी केलेले भाषांतर नसते. सबब अक्षरमुष्टिकेस तिची भावकी म्हणता येईल, आई म्हणता येणार नाही.

आणि परंपराच सांगावयाची तर संपूर्ण सांगावी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर व मूक यांस पित्याच्या धनात वाटा नाकारला आहे. अन्नवस्त्र मात्र द्यावे असे पुढच्याच श्लोकात म्हटले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात ही आडकाठी दूर झाली ती १९२८ च्या कायद्याने. ज्ञानपरंपरेच्या दोन पृष्ठांत चौसष्ट कला येतात व हा श्लोक वगळला जातो, हे मला संशोधनदृष्ट्या प्रशस्त वाटत नाही.

पुढील इतिहास परका असला तरी टाळता येत नाही. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने हातांची भाषा वर्गाबाहेर घालवून ओठांवरून शिकविण्याचा पक्ष धरला. १८८५ च्या सुमारास मुंबईत बहिऱ्या-मुक्यांची पहिली शाळा निघाली ती याच वाऱ्यात. वांद्र्यास १९८३ साली श्रवणविकलांगांसाठी जी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. हे गृहस्थ महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये वारले. तत्पूर्वी ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. मराठवाड्यातील वाचकांस हा धागा अपरिचित असेल म्हणून येथे नोंदविला. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीस २०१५ मध्ये निघाले आणि त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. विषयास पाठ्यसामग्री नाही, ही सबब आता चालणार नाही.

आता ते वाक्य. ‘भरद्वाजप्रणीत वैमानिकशास्त्राच्या आधारे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले.’ तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे, जे. जे. कलाविद्यालयातील ते शिक्षक, आणि त्यांची जिज्ञासाही खरी. परंतु तिथी पाहा. वैमानिकशास्त्र म्हणून जो ग्रंथ मिळतो, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला व दुसऱ्याने लिहून घेतला. तळपदे १९१६ मध्येच निवर्तले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची परीक्षा केली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा ठरत नाही आणि त्यातील शकुन, रुक्म, सुंदर, त्रिपुर ही विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपदे यांनी शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाने नमुने केले, पण ते उडाले नाहीत, असेही त्यांनी नमूद केले आहे. ग्रंथाचे संस्कृत मी स्वतः चाळले आहे. ऋषीचे नाव वैदिक, परंतु वैदिक रूप औषधालाही नाही. अनुष्टुभ अगदी सुबोध, आजचा शास्त्री रचील तसा. हे मला तिशीतच दिसावयास हवे होते. दिसले नाही, कारण पाहण्याची इच्छा नव्हती. गोष्ट सांगितली की वर्ग ताठ होऊन बसे.

विमानाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, हे निर्विवाद. रामायणातील पुष्पक सर्वांस ठाऊक आहे. अकराव्या शतकातील भोजाच्या समरांगणसूत्रधारात पाऱ्याच्या योगाने उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन आहे. मात्र यंत्राची घडण गुप्ततेसाठी सांगत नाही, असे भोज स्वतःच कबूल करतो. कल्पनेचा इतिहास म्हणून हे अवश्य शिकवावे. उड्डाणाचा इतिहास वेगळा: राइट बंधू १९०३, अलाहाबादहून नैनीस विमानाने गेलेली टपाल १९११, जे. आर. डी. टाटांचे कराची-मुंबई उड्डाण १९३२. आणि आपल्या बाजूस हैदराबादची डेक्कन एअरवेज, १९४५. नांदेडचा विमानतळ २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या वेळी नव्याने सज्ज झाला, हे तर विद्यार्थ्यांच्या घरातील माणसांनी पाहिलेले.

मसुदा परत करताना चित्रविद्येची पृष्ठे तशीच ठेवली. सांकेतिक भाषेत मनूचा श्लोक व मिलानची परिषद घातली. विमानविद्येतील वाक्य खोडले. समासात ‘प्रमाद मूळ शिक्षकाचा’ असे लिहून खाली सही केली.