हातचं राखून

आमचं पडेगाव दौलताबादच्या रस्त्यावर आहे. १३२७ साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इकडे हलवली, तेव्हा दरबारामागोमाग कारागीर आले आणि त्यांच्याबरोबर हिमरूचं विणकाम आलं, असं मानतात. पुढे मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी वसवली. तिचंच औरंगाबाद झालं, आताचं छत्रपती संभाजीनगर. हिमरू या शहराची ओळख बनली.

हिमरू म्हणजे सुती पोतावर रेशमाची नक्षी. पाहणाऱ्याला ते एका हाताचं काम वाटतं. पण त्यामागे साखळी असे: रेशीम पुरवणारा व्यापारी, रंगारी, नक्षीच्या दोऱ्या बांधणारा, मागावर बसून त्या क्रमानं ओढणारा पोरगा, खाली विणकर आणि शेवटी दुकानदार. एक कडी अडली की माग थांबे. तरीही जो तो हातचं राखून वागे. नक्षी बापाकडून मुलाकडे जाई, शेजाऱ्याकडे नाही.

याला आपण कोतेपणा म्हणून मोकळे होतो. पण जरा हिशेब मांडून पाहा. नवी नक्षी बसवायची तर तेवढे दिवस माग रिकामा, तोटा विणकराचा. नक्षी चालली की दुसरा ती उतरवून स्वस्तात विकणार, फायदा त्याचा. आणि उचल घेतलेल्या विणकरानं व्यापाऱ्याला खरा खर्च सांगितला, तर मजुरीच कापली जाणार. मग तोंड उघडायचं कुणी?

फ्रान्समधल्या लिआँ शहरातही हेच घडत होतं. १८०४ साली जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. दोऱ्या ओढणाऱ्या पोराची गरज संपली. पोट जाईल या भीतीनं विणकर खवळले. पण सरकारनं तो माग सार्वजनिक मालकीचा केला, जॅकार्डला निवृत्तिवेतन दिलं आणि प्रत्येक मागामागे काही रक्कम ठरवून दिली. युक्ती सगळ्यांची झाली, तरी ती काढणारा बुडाला नाही. माग पसरला तो त्यानंतर.

आपल्याकडे असा निवाडा करणारं कुणी नव्हतं. १९४८ मध्ये निजामाची राजवट गेली, तसा दरबारी आश्रयही गेला. यंत्रावरचं स्वस्त कापड आलं. त्याच्याशी जो तो एकटाच झुंजला. आज हिमरूचे हातमाग मोजकेच उरले आहेत.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग करणारे लहान कारखाने भोवती वाढले. माल बदलला, प्रश्न जुनाच राहिला. जगभर या धंद्यातला लहान पुरवठादार मनात हेच म्हणतो: वेळ वाचवायची युक्ती सांगितली, तर पुढच्या करारात माझाच दर उतरेल. म्हणून तो गप्प बसतो.

'एकत्र या, नवं करा' हा उपदेश व्यासपीठावरून सोपा असतो. त्याआधी दोन गोष्टी कागदावर याव्या लागतात: नवा प्रयोग फसला तर तोटा कुणी सोसायचा, आणि साधला तर नफ्यात कुणाचा किती वाटा. हे ठरलं नाही, तर शहाणा माणूस हातचं राखूनच ठेवणार.