८५ सीसीची लहान गाडी आणि शिशाचा कायदा

१० फेब्रुवारी २००९. अमेरिकेतल्या मोटारसायकल विक्रेत्यांनी मोठ्यांच्या गाड्या नेहमीप्रमाणे दर्शनी भागात ठेवल्या आणि लहान मुलांच्या गाड्या मागच्या गोदामात हलवल्या. त्या गाड्यांचे ब्रेक सदोष नव्हते, चाके निखळत नव्हती, इंजिन पेट घेत नव्हते. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांच्या धातूत थोडे शिसे होते. आणि त्या दिवशी अमलात आलेल्या कायद्यानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेली, ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक शिसे असलेली कोणतीही वस्तू विकणे बेकायदा ठरले होते.

या तडाख्यात सापडलेल्या गाड्यांमध्ये एक घराणे इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावे असे आहे. ५०, ६५ आणि ८५ सीसीच्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या. हा थ्रेड त्या घराण्याचा.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, चढउतारांच्या आणि उड्यांच्या बंदिस्त मार्गावरची शर्यत. या गाडीला दिवा नसतो, आरसा नसतो, नंबरप्लेट नसते. ती रस्त्यासाठी नाहीच. म्हणून वाहनपरवान्याच्या वयाचा प्रश्नही तिथे उद्भवत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल ५० सीसीवर बसते, पुढे ६५ वर जाते, आणि साधारण नवव्या-दहाव्या वर्षापासून तेराव्या-चौदाव्यापर्यंत ८५ वर असते. ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण ती खेळणे राहिलेली नसते. तिला क्लच आहे, सहा गिअर आहेत. सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाची ती गाडी म्हणजे मोठ्यांच्या शर्यतीच्या गाडीची अस्सल, फक्त लहान मापाची आवृत्ती आहे.

तिचे इंजिन मराठी वाचकांच्या आईवडिलांना परके नाही. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेली लुना टू-स्ट्रोक होती, जुनी बजाज चेतक टू-स्ट्रोक होती, आरएक्स १०० तर होतीच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, मागे निळसर धूर सोडत जायचे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि मिटतो. भाग कमी, म्हणून वजन कमी, म्हणून दुरुस्तीही घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखी. दोष उघड आहे. जळालेला वायू बाहेर जाताना ताज्या मिश्रणाचा काही भागही त्याच्याबरोबर निसटतो. ते मिश्रण परत कसे आणायचे, या एका प्रश्नाच्या उत्तरात या लहान गाडीचा जन्म दडलेला आहे, आणि ते उत्तर सापडले पूर्व जर्मनीत.

त्शोपाऊ हे सॅक्सनीतले छोटे गाव. युद्धापूर्वी तिथे डीकेडब्ल्यू या कंपनीचा मोटारसायकलींचा मोठा कारखाना होता. युद्धानंतर तो साम्यवादी सरकारच्या ताब्यात गेला आणि पुढे एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. तिथल्या शर्यत विभागाचा प्रमुख होता वॉल्टर काडेन. युद्धकाळात त्याने हेन्शेल कंपनीत हवाई शस्त्रांवर काम केले होते. त्याच्याकडे पैसा नव्हता, चांगले साहित्य नव्हते. पण वायूच्या लाटांची समज होती. एक्झॉस्टची नळी आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती केली, तर बाहेर गेलेली दाबाची लाट शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये मागे ढकलते, हे त्याने बारकाईने बसवले. कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. मोजमापाने ती पूर्णत्वाला नेण्याचे श्रेय मात्र त्याचे. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघत होती, म्हणजे लिटरमागे दोनशे. नैसर्गिक श्वासोच्छ्वासावर चालणाऱ्या इंजिनाला तोवर हे साधले नव्हते.

त्या वर्षी १२५ सीसीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर आघाडीवर होता. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची सीमा बंद झाली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड येथे शर्यत होती. त्याच सुमारास डेग्नरची पत्नी आणि मुले एका मोटारीच्या डिकीत लपून सीमा ओलांडत होती. शर्यतीत डेग्नरचे इंजिन बंद पडले; तो संघाकडे परतला नाही. एमझेडने त्याच्यावर इंजिन मुद्दाम निकामी केल्याचा आरोप केला. अजिंक्यपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले, आणि डेग्नर जपानमधल्या हामामात्सू शहरात, सुझुकीच्या कारखान्यात पोहोचला. १९६२ साली त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले. त्यापूर्वी सुझुकीच्या नावावर एकही अजिंक्यपद नव्हते.

या प्रसंगाकडे निव्वळ हेरकथा म्हणून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्याचा खरा परिणाम डांबरी मार्गापेक्षा मातीत अधिक टिकला. ती फुगीर नळी आज प्रत्येक ८५ सीसीच्या गाडीच्या पोटाखालून वळसा घेत जाते. काडेनने ती शर्यतीच्या अजिंक्यपदासाठी बनवली. तिचा दीर्घायुषी वारस निघाला तो दहा वर्षांच्या मुलाच्या गाडीत.

मुलांसाठी मोटारसायकल ही कल्पना मात्र वेगळ्याच ठिकाणी रुजली. १९६१ सालीच होंडाने टोकियोच्या परिसरात तामा टेक नावाचे करमणूक उद्यान उघडले आणि तिथल्या मुलांसाठी ४९ सीसीची बुटकी गाडी ठेवली. तीच पुढे ‘मंकी’ म्हणून प्रसिद्ध झाली. दशकाच्या अखेरीस तिची भावंडे अमेरिकेत विकली जाऊ लागली. त्याच काळात, १९६६ पासून, एडिसन डाय या विक्रेत्याने स्वीडनचा टॉर्स्टन हॉलमन याला आणून अमेरिकनांना युरोपीय मोटोक्रॉस दाखवले होते. १९७१ साली ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट आला आणि मातीवरची मोटारसायकल घराघरांत पोहोचली. त्यातल्या प्रमुख स्वारांपैकी माल्कम स्मिथ हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे. छोट्या होंडावर बसून पुढचे चाक उचलणारा एक मुलगाही त्या माहितीपटात क्षणभर दिसतो. तो जेफ वॉर्ड. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला.

बाजार तयार होता, मुले तयार होती. गाड्या मात्र करमणूक उद्यानाच्या मापाच्या होत्या. १९७४ साली यामाहाने वायझेड८० आणली. मोठ्यांच्या शर्यतीच्या गाड्यांचे ‘वायझेड’ हे नाव तिने निःसंकोच धारण केले होते. मागोमाग सुझुकीची आरएम८०, कावासाकीची केएक्स८०, होंडाची सीआर८०. चार कंपन्यांची स्पर्धा लागली आणि दर एक-दोन वर्षांनी गाडी बदलू लागली : पाण्याने थंड होणारे इंजिन, एकच मागचा शॉक ॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक. १९८२ पासून टेनेसी राज्यात हरिकेन मिल्स येथे, गायिका लोरेटा लिन यांच्या जमिनीवर, हौशी स्वारांची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी भरू लागली. रिकी कारमायकेल आणि जेम्स स्टुअर्ट हे दोघेही याच लहान गाड्यांवरून वर आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ८० सीसीचे ८५ सीसी झाले. ऑस्ट्रियाची केटीएमही या गटात उतरली.

या गाडीवर मूल नेमके काय शिकते, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. फुगीर नळीतली परतणारी लाट इंजिनाच्या ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच वेळेवर पोहोचते. त्या पट्ट्याखाली गाडी मरगळलेली असते; पट्ट्यात शिरताच झेपावते. म्हणून स्वाराला सतत गिअर बदलून, क्लचला बोट लावून इंजिन त्या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. जोराने केलेली चूक इथे लगेच उमगते, कारण गाडी एक तर गुदमरते किंवा हातातून निसटते. १२५ वा २५० सीसीच्या गाडीवर तीच चूक करणाऱ्या मुलाच्या अंगावर शंभर किलोचे धूड येते.

१९९७ नंतर मोठ्यांच्या मोटोक्रॉसमधून टू-स्ट्रोक झपाट्याने मागे पडली. त्या वर्षी डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली. नियमांनी फोर-स्ट्रोकला जवळजवळ दुप्पट सीसीची मुभा दिली होती. दहा वर्षांत मोठे गट तिच्याच ताब्यात गेले. २००७ नंतर होंडाने टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बनवणे थांबवले आणि मुलांसाठीही १५० सीसीची फोर-स्ट्रोक पुढे केली. गाडी उत्तम होती, पण जड आणि दुरुस्तीला महाग. दोन वर्षांत अंगाला न होणारी वस्तू विकत घेणाऱ्या पालकाने पिस्टन आणि रिंगा बदलून भागणारी ८५ टू-स्ट्रोकच पसंत केली. अशा रीतीने मोठ्यांनी टाकून दिलेले तंत्र मुलांच्या गाड्यांत शिल्लक राहिले, आणि नेमक्या त्याच वेळी कायदा आला.

तो कायदा वाईट हेतूने आला नव्हता. २००७ साली शिशाचा रंग लावलेली लाखो खेळणी बाजारातून परत मागवावी लागली होती. शिसे मुलाच्या मेंदूची वाढ खुंटवते, हे शास्त्र निर्विवाद आहे. जुलै २००८ मध्ये ग्राहकवस्तू सुरक्षा सुधारणा कायदा प्रतिनिधीगृहात ४२४ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. मर्यादा ठरली दशलक्षात सहाशे भाग, म्हणजे ०.०६ टक्के, ती टप्प्याटप्प्याने शंभर भागांपर्यंत खाली यायची होती. आता टायरमध्ये हवा भरायचा पितळी व्हॉल्व्ह पाहा. पितळ यंत्रावर सुबक कापले जावे म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसे मिसळलेलेच असते. काही पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंतही ते असते. ५० आणि ६५ सीसीच्या गाड्या उघडपणे कायद्यात सापडल्या. ८५ सीसीचे वय सीमारेषेवर होते, आणि दंडाची व कैदेची तरतूद असताना सीमारेषेवर उभे राहण्याची विक्रेत्यांची तयारी नव्हती.

सवलत मागितली गेली. अंमलबजावणी करणाऱ्या आयोगापुढे पेच असा, की कायद्याच्या शब्दांप्रमाणे सवलत हवी असेल तर त्या भागातून मुलाच्या शरीरात कणभरही शिसे जाणार नाही हे सिद्ध करावे लागत होते. अल्प प्रमाण, नगण्य धोका असल्या शब्दांना त्या वाक्यात जागाच ठेवलेली नव्हती. आयोगाने सवलत नाकारली. पण त्याच वेळी आयोगानेच मान्य केले, की लहान गाडी मिळाली नाही तर मुले मोठ्यांच्या गाड्यांवर बसतील, आणि तो धोका शिशापेक्षा पुष्कळ मोठा आहे. मोठ्या गाडीतही तेवढेच शिसे असते. फक्त ती मुलांसाठी बनवलेली नसल्यामुळे कायद्याला दिसत नव्हती.

१९ मार्च २००९ रोजी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथे माल्कम स्मिथ यांनी, त्याच माहितीपटातल्या स्मिथ यांनी, आपल्या दुकानात जाहीरपणे मुलांच्या गाड्या विकल्या. वय सदुसष्टच्या पुढे, नाव देशभर परिचित, आणि कायदा मोडण्याची घोषणा आधीच केलेली. मे महिन्यात आयोगाने अंमलबजावणी तात्पुरती स्थगित केली. पुढे स्थगितीची मुदत वाढत गेली. अखेर १२ ऑगस्ट २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केलेल्या दुरुस्तीने मुलांची बिगररस्ता वाहने शिशाच्या मर्यादेतून वगळली. अडीच वर्षे गेली होती. तीही मंदीची.

या विजयाचे वर्णन अनेकदा ‘शहाणपणाने मूर्ख नियमावर केलेली मात’ असे होते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सोळा वर्षांखालील मुलांनी अशी वाहने चालवूच नयेत, अशी भूमिका पूर्वीपासून घेतलेली होती, आणि तिचे कारण मोडलेली हाडे आणि डोक्याच्या इजा हे होते. या गाडीविषयी गांभीर्याने विचारावा असा प्रश्न तोच होता. त्या अडीच वर्षांत मात्र सारा वाद टायरच्या व्हॉल्व्हभोवती फिरला, कारण कायद्याने विचारलेला प्रश्न तेवढाच होता.

गाडी पुढे चालत राहिली. २०१९ च्या वायझेड८५ मध्ये यामाहाने एक्झॉस्टच्या खिडकीची उंची वेगानुसार बदलणारा पॉवर व्हॉल्व्ह बसवला. त्यामुळे काडेनचा तो अरुंद पट्टा थोडा रुंदावला. सर्वांत लहान गटात विजेवरच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात भरलेल्या सुपरक्रॉस लीगच्या शर्यतीत ८५ सीसीचा कनिष्ठ गट ठेवलेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात केटीएमची ८५ एसएक्स भारतात अधिकृतपणे विक्रीस आली, तीही पुण्याच्या बजाज ऑटोमार्फत. तेव्हाची किंमत सहा लाखांच्या वर, आणि पेट्रोलमध्ये ऑइल अजूनही मोजून मिसळावेच लागते.