मात्रा किती, की वेळ किती? सिस्टिक फायब्रोसिस आणि अखंड प्रतिजैविक

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले. प्रकृती सुधारू लागली. पण मूत्रपिंडे औषध झपाट्याने बाहेर टाकत होती. लघवीतून ते वेगळे करून पुन्हा टोचले, तरी साठा संपला आणि मार्चमध्ये रुग्ण दगावला. औषध शरीरात किती वेळ टिकते, हा प्रश्न असा सुरुवातीपासूनच उभा होता. १९५० च्या सुमारास अमेरिकेत हॅरी ईगल यांनी प्रयोगांतून दाखवले की, पेनिसिलिनचा परिणाम त्याच्या उच्चांकी पातळीपेक्षा ते पुरेशा पातळीवर किती काळ राहते यावर अवलंबून असतो.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आनुवंशिक आजाराचे सविस्तर वर्णन केले. यात फुफ्फुसांतील कफ चिकट होतो आणि त्यात स्यूडोमोनास जिवाणू ठाण मांडतात. शिवाय या रुग्णांच्या शरीरातून अनेक प्रतिजैविके नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडतात.

आता साधे गणित पाहू. सेफ्टाझिडिमचे अर्धायुष्य सुमारे २ तास धरा. दर ८ तासांनी डोस दिला, तर पुढच्या डोसच्या वेळी चार अर्धायुष्ये उलटलेली असतात आणि पातळी १/१६ वर आलेली असते. जिवाणू चिवट असेल, तर ही पातळी अपुरी पडते. म्हणून पंपाने तेच औषध दिवसभर संथपणे देण्याची कल्पना पुढे आली. टाकीत जितके पाणी बाहेर जाते तितकेच आत सोडले, की पातळी स्थिर राहते, तत्त्व तेच.

२००९ मध्ये फ्रान्समधील अभ्यासात दोन्ही पद्धती त्याच रुग्णांवर आळीपाळीने वापरल्या. फुफ्फुसांच्या क्षमतेत एकूण फरक निर्णायक नव्हता. मात्र प्रतिरोधक जिवाणू असलेल्यांना अखंड पद्धतीचा अधिक लाभ झाला आणि पुढचा उपचार लागेपर्यंतचा काळही वाढला.

हा नियम सर्व औषधांना लागू नाही. टोब्रामायसिनला उच्चांकी पातळी हवी असते. ब्रिटनमधील २००५ च्या चाचणीत त्याचा दिवसातून एकच डोस तीन डोसांइतकाच परिणामकारक ठरला आणि मुलांच्या मूत्रपिंडांना कमी अपायकारक आढळला.

सारांश, औषध तेच असले तरी ते देण्याचे वेळापत्रक हाही उपचाराचाच भाग असतो.