वेष्टनाला वाली कोण?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज आटोपली होती. ओवाळण्या पडल्या, भेटी उघडल्या, मंडळी फराळाला बसली आणि दिवाणखान्यात मागे उरला तो कागदांचा भला मोठा ढीग. सोनेरी कागद, रुपेरी कागद, चिकटपट्टीचे तुकडे, चकचकीत फितींची भेंडोळी. माझी सात वर्षांची नात त्या ढिगाऱ्यात उभी राहून हिशेब करीत होती. "आजोबा, खेळणं माझं, साडी आईची, पुस्तक दादाचं. मग हे सगळं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. टाकून दे," मी म्हणालो.

"कुणाचंच नाही, तर मग आणलं कशाला?"

मला काही उत्तर सुचले नाही. मी शेवेची बशी पुढे ओढली. पण प्रश्न काही मनातून जाईना. उभे आयुष्य जुन्या कागदपत्रांच्या नादात घालवलेला माणूस मी. तेव्हा सवयीप्रमाणे मागे मागे जात राहिलो आणि एक गंमत ध्यानात आली. आपल्या पूर्वजांच्या काळी वेष्टन म्हणून जे जे होते, त्याला कोणी ना कोणी वाली होता.

आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत प्रसिद्ध भेट कोणती? सुदाम्याचे पोहे. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आली आहे. घरात देण्याजोगे काही नाही, म्हणून बायको शेजारपाजारहून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्याच्या तुकड्यात बांधून नवऱ्याच्या हाती देते. सुदामा ती पुरचुंडी द्वारकेत लाजून लपवतो आणि श्रीकृष्ण ती आपल्या हाताने ओढून घेतो. पोह्यांइतकेच ते फडकेही आपल्या लक्षात राहिले आहे, कारण देणाऱ्याच्या घरची सारी परिस्थिती त्या फडक्यावर लिहिलेली होती.

पुढे राजदरबारात या. एक राजा दुसऱ्याला पत्र पाठवी, ते उघडे जात नसे. ते एका थैलीत घालीत, तीवर किनखापाची दुसरी थैली चढवीत आणि गोंड्याच्या दोरीला लाखेची मोहोर लटकवीत. या थैलीचे नाव खलिता. परंतु थैलीचा मान एवढा मोठा, की हळूहळू आतल्या पत्रालाच लोक खलिता म्हणू लागले. वेष्टनाने वस्तूला आपले नाव दिले!

आणि हे काही एकटे उदाहरण नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरात जाऊन पाहा. तिथले कागद फडक्यांत बांधून ठेवलेले आहेत आणि त्या गाठोड्यांना म्हणतात रुमाल. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसण्याचे हे वस्त्र आपल्याकडे राज्याचा हिशेब बांधू लागले आणि शेवटी मोजमापही त्याचेच झाले. अमुक कागद कुठे आहे? तर अमुक क्रमांकाच्या रुमालात. १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते असल्याच हजारो रुमालांच्या गाठी सोडून. जुनी फडकी पिढ्यान् पिढ्या टिकली, म्हणून त्यांच्या पोटातला इतिहासही टिकला.

'बस्ता' हा शब्द घ्या. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे. बस्ता म्हणजे बांधलेले. आपल्या 'बंदोबस्ता'तही हाच बस्त दडून बसला आहे. कापडात बांधलेले गाठोडे तो बस्ता. आणि आजही लग्न ठरले की आपण बस्ता बांधायला जातो, मग दुकानदार साड्या पिशव्यांत भरून का देईना! 'दप्तरा'चा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे. त्यावरून फारसीत दफ्तर म्हणजे हिशेबाची वही झाली, मराठीत ती कचेरी झाली आणि अखेर शाळकरी पोराच्या पाठीवरची पिशवी झाली. आणि साखरपुडा! आयुष्यभराच्या सोयरिकीला आपण नाव दिले ते साखरेच्या एका पुड्याचे. ज्या भाषेत वेष्टनांना इतका मान आहे, त्या भाषेत आज भेटीवरच्या कागदाला धड नावही नसावे, 'गिफ्ट पेपर' म्हणून वेळ मारून न्यावी, याचा अर्थ काय?

आता कोणी म्हणेल, जुने लोक मोठे विवेकी होते. तसे मी म्हणणार नाही. कापड हातमागावर विणले जाई. जुन्नरला किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद हाताने बनवला जाई. दोन्ही महाग. महाग वस्तू कोण फेकतो? त्यांची काटकसर ही पुष्कळशी गरजेची होती. पण त्या गरजेतून ज्या रीती जन्मल्या, त्या मात्र मोठ्या शहाण्या होत्या. वेष्टने दोनच जातींची असत. एक, मातीला परत जाणारी: पळसाच्या पानात दोऱ्याने बांधलेली फुलांची पुडी, केळीचे पान, द्रोण. दुसरी, माणसाला परत जाणारी: डबा, ताट, त्यावर झाकलेला विणकामाचा रुमाल. शेजारणीने फराळाचे ताट पाठवले तर ते रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी ठेवावी, हे आपल्या आईने आपल्याला शिकवले. त्या रिकाम्या ताटामुळेच दोन घरांची ये-जा चालू राही.

असे आपल्याच देशात होते असे समजू नका. जपानात भेटवस्तू चौकोनी कापडात बांधण्याची रीत आहे. या कापडाला म्हणतात फुरोशिकी. नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारात आठव्या शतकातली बांधणीची कापडे जपून ठेवलेली आहेत. फुरोशिकी हे नाव मात्र पुष्कळ नंतरचे. 'फुरो' म्हणजे स्नान आणि 'शिकी' म्हणजे अंथरणे. सार्वजनिक स्नानगृहात लोक आपले कपडे या कापडात बांधून ठेवीत आणि त्यावरच उभे राहून अंग पुसत. पुढे व्यापाऱ्यांनी ते उचलले आणि मग भेटी त्यात बांधल्या जाऊ लागल्या. शिष्टाचार असा, की यजमानाच्या घरी गेल्यावर गाठ सोडायची, भेट त्याच्या हाती द्यायची आणि कापड घडी करून आपण परत न्यायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी व प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी ही चाल मागे लोटली. तेव्हा २००६ साली त्या देशाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याची फुरोशिकी लोकांपुढे ठेवली.

मग हा निर्नायकी कागद आला कुठून? त्याची एक जन्मकथा अमेरिकेत सापडते. १९१७ सालचा डिसेंबर. कॅन्सस सिटी शहरात जॉइस हॉल आणि रोली हॉल या भावांचे दुकान होते. त्या काळी तिकडे भेटी साध्या पातळ कागदात गुंडाळीत. नाताळच्या गर्दीत तो कागद संपला. रोलीने फ्रान्सहून आलेले, लिफाफ्यांना आतून अस्तर लावण्याचे रंगीबेरंगी कागद काढून मांडले. एका तावाला दहा सेंट. बघता बघता सगळे खपले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हापासून वेष्टन ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली. १९३० साली रिचर्ड ड्रू या गृहस्थाने पारदर्शक चिकटपट्टी शोधून काढली आणि दोऱ्याची गाठही गेली. गाठ सोडता येते. चिकटपट्टी फाडावीच लागते. कागद एकदाच वापरायचा, हे त्या इवल्याशा पट्टीने जवळजवळ कायम करून टाकले.

तरीही तो बिचारा कागदच होता. रद्दीत जाई, पुन्हा कागद होई. खरा घोटाळा झाला तो त्यावर प्लॅस्टिकचा आणि धातूच्या चकाकीचा थर चढला तेव्हा. असला कागद ना रद्दीवाल्याच्या कामाचा, ना मातीच्या. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मुठीत घट्ट चुरगळा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तो कागद. आपोआप फुलून उलगडू लागला तर त्यात प्लॅस्टिक आहे असे समजावे. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. आणि १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या वस्तू बंद झाल्या, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचा प्लॅस्टिकचा पापुद्राही आहे. सरकारलासुद्धा मिठाईच्या खोक्यापर्यंत यावे लागले!

मात्र जुने ते सगळे सोने, असे मानून वर्तमानपत्रात चकल्या बांधू नका. छपाईची शाई पोटात जाणे घातक आहे, असा इशारा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच दिला आहे. वर्तमानपत्र खुशाल पुस्तकाला गुंडाळा. फराळाला डबा बरा.

गेल्या संक्रांतीला आमच्या घरी एक प्रयोग झाला. माझ्या पत्नीचे एक जुने नऊवारी लुगडे पेटीत पडून होते. अंगाला विरलेले, पण काठ शाबूत. सूनबाईने त्याचे हात-दीड हाताचे चौकोन कापले, कडांना टीप मारली आणि हळदीकुंकवाचे वाण त्यांत बांधून दिले. गाठ अशी, की एक टोक ओढताच सुटावी. चार दिवसांनी शेजारच्या काकू आल्या. हातात तोच चौकोन, नीट धुतलेला, आणि त्यात बांधलेल्या गुळाच्या दोन पोळ्या.

नातीने गाठ सोडली, पोळ्या आजीच्या हाती दिल्या आणि फडके हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. या खेपेला मी उत्तर तयार ठेवले होते.

"हे आपलं," मी म्हणालो. "दिवाळीपर्यंत. मग पुन्हा काकूंचं."

तिने त्याची घडी केली आणि कपाटात ठेवली. या दिवाळीला त्यात करंज्यांचा डबा बांधून जायचा आहे.