बोटाने दाबला तरी दबतो गाडीचा पत्रा, मग गाडी सुरक्षित कशी?

'जुन्या गाड्या म्हणजे लोखंड, आताच्या म्हणजे पत्र्याचा डबा!' अपघाताचा फोटो व्हायरल झाला की ही कमेंट हमखास दिसते. पण यात तथ्य किती?

पुढचा भाग चेपतो, कारण तो चेपण्यासाठीच असतो

दार आणि बॉनेटचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. धडकेचा मुख्य भार आतला सांगाडा घेतो. सांगाड्याच्या पुढच्या भागात न तुटता वाकणारं स्टील वापरतात. ते घड्या पडत चेपतं, तेव्हा धडकेची बरीच ऊर्जा त्यातच खर्च होते. गाडी थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो आणि आतल्या माणसांना बसणारा झटका कमी होतो.

बसायची जागा मात्र कडक

दारांमधल्या खांबांसाठी अनेक गाड्यांत बोरॉन स्टील असतं. ते लालबुंद तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटकन थंड करतात. त्यामुळे त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट होते.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवली. दोन्हींचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर होता. जुन्या गाडीत ड्रायव्हरची जागाच चेपली, नव्या गाडीत ती शाबूत राहिली.

कुठे कोणता धातू?

- ब्रेक डिस्क: बीड, म्हणजे ओतीव लोखंड. उष्णता सहन करतं, कंपनं शोषतं.
- अलॉय व्हील: ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते.
- वायरिंग: तांबं. वीज सहज वाहून नेतं.
- पत्र्यावरचा थर: जस्त. आधी स्वतः झिजतं, लोखंडाला गंजू देत नाही.

अपघातानंतर हे नक्की विचारा

बोरॉन स्टीलचा खांब वाकला, तर तो गॅसने तापवून सरळ करणं धोक्याचं आहे. पुन्हा तापल्यावर त्याची ताकद घटते. रंग मारल्यावर बाहेरून काहीच कळत नाही, पण पुढच्या धडकेत तोच खांब आधी दगा देऊ शकतो. त्यामुळे 'भाग बदलला की सरळ केला?' हे गॅरेजमध्ये विचारा. जुनी गाडी घेतानाही हाच प्रश्न विचारा.

आणि नवी गाडी घेताना? पत्रा दाबून पाहू नका, भारत एनकॅपचं क्रॅश रेटिंग पाहा.