बॅश प्रॉम्प्ट

बॅश प्रॉम्प्ट म्हणजे बॅश या युनिक्स शेलमध्ये आज्ञा टंकण्याच्या जागेपूर्वी दिसणारी खूण होय. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला हा शेल १९८९ मध्ये प्रथम प्रकाशित झाला.

प्रॉम्प्टचे स्वरूप ‘पीएस१’ या चलात साठवलेले असते. त्यातील सांकेतिक अक्षरांच्या जागी वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव व चालू निर्देशिका उमटते. ‘प्रॉम्प्ट_डिरट्रिम’ या चलाने लांब मार्गाचा केवळ शेवटचा भाग दाखवता येतो. प्रॉम्प्टमध्ये गिटसारखी बाह्य आज्ञा घातल्यास ती प्रत्येक वेळी नव्याने चालते व मोठ्या प्रकल्पात विलंब होतो.

प्रॉम्प्ट कितीही आटोपशीर केला, तरी अखेरचे चिन्ह सहसा राखतात. ते सामान्य वापरकर्त्यासाठी डॉलर, तर रूट वापरकर्त्यासाठी हॅश असते. रूटची एक चुकीची आज्ञा प्रणालीच्या फायली पुसू शकत असल्याने हे चिन्ह इशाऱ्याचे काम करते.